माळ्यावरचं खोकं: बंद पडलेल्या हार्डडिस्क आणि पेनड्राइव्हच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा. पक्कड, मल्टीमीटर, सोल्डरिंग गन सगळ्यांना हळदकुंकू लागलं, वर झेंडू. आणि आज सकाळी आईने माळ्यावरचं खोकं खाली काढून माझ्यासमोर आदळलं. "हत्यारांची पूजा केलीस ना, आता वापर. दिवाळीच्या आत हे घरातून गेलं पाहिजे." खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "खराब, टाकू नये". काय डोक्यात होतं तेव्हा देव जाणे.

मोजदाद केली. ८ हार्डडिस्क, ५ पेनड्राइव्ह, एक कसला तरी चार्जर आणि झुरळाची अंडी. डिस्कमध्ये ८० जीबीची एक आयडीईवाली आहे (चपटी रुंद केबल लागते ती), बाकी साटा (नंतरच्या, बारीक केबलवाल्या). घरातल्या, नातेवाइकांच्या, एक ऑफिसातल्या मित्राची. देताना प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलेलं, "लो लेव्हल मारून बघ ना जरा". म्हणजे लो लेव्हल फॉरमॅट, डिस्क मुळापासून पुसून नव्याने आखणं. जसं काही तापाच्या गोळीचं नाव.

एक नियम आधीच लिहून ठेवतो कारण मागे एकदा हात पोळलेत. कुठल्याही डिस्कवर काहीही लिहायच्या आधी मालकाला विचारायचं, आतला डेटा पाहिजे का डिस्क पाहिजे? दोन्हीची वाट वेगळी आहे, आणि एकीवर चार पावलं गेलात की दुसरी बंद होते. ४-५ वर्षांपूर्वी एका मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर मी स्वतः विंडोजचं चेकडिस्क चालवलं होतं, ते बिचारं रात्रभर फाइल सिस्टिम "दुरुस्त" करत बसलं आणि सकाळी सगळे फोल्डर एका कोपऱ्यात तुकडे होऊन पडलेले. ते परत नको.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसातून आल्यावर जुना डेस्कटॉप उघडा करून टेबलवर मांडला, लिनक्स टाकलं, एकेक डिस्क लावून स्मार्टसीटीएलने स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते) आकडे काढले. स्मार्टचा रिपोर्ट लांबलचक असतो पण मी चारच ओळी बघतो. ५ नंबरची, म्हणजे किती सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) बाद होऊन राखीव जागेत हलवलेत. १९७, म्हणजे किती सेक्टर वाचता आले नाहीत आणि निकाल पेंडिंग आहे. १९८, बाकी राहिलेले वाचता न येणारे. आणि १९९, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डाच्या मधल्या वाटेत किती वेळा डेटा बिघडला. वरती जे "पास्ड" लिहून येतं त्याच्याकडे मी बघतसुद्धा नाही, आचके देणारी डिस्कपण पास असते.

पहिली लावली १ टीबीची. कॉपी करताना अडकते, मधेच गायब होते म्हणून ३ वर्षांपूर्वी काढून ठेवलेली. आकडे: ५ शून्य, १९७ शून्य, १९८ शून्य, १९९ चार हजाराच्या वर! म्हणजे डिस्कला काहीही झालेलं नाही, साटा केबल खराब होती. नवी केबल लावली, ५० जीबी इकडून तिकडे केलं, १९९ चा आकडा तिथेच थांबलाय. (तो कमी कधीच होत नाही, वाढायचा थांबला की समजायचं आजार गेला.) ८० रुपयांच्या केबलपायी १ टीबी ३ वर्षं माळ्यावर. कुणाला सांगू नये असं वाटतंय पण नोंद म्हणजे नोंद.

रात्री तिच्यावर बॅडब्लॉक्स (खराब जागा शोधणारी कमांड) लावून झोपलो, लिहून वाचायचा प्रकार. चार पॅटर्न, प्रत्येक एकदा लिहायचा एकदा वाचायचा, म्हणजे पूर्ण डिस्कच्या आठ फेऱ्या.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बॅडब्लॉक्सला जवळजवळ वीस तास लागले. शून्य चुका. ही डिस्क पुढे कामाला येणार आहे.

८० जीबीची आयडीई लावली, जंपर मास्टरवर, यूएसबीच्या अडॅप्टरने. काय आवाज! गिरणी चालू झाल्यासारखा. पण ठणठणीत आहे, एक सेक्टर गेलेला नाही. आत बाबांच्या सोसायटीचे हिशोब आणि सभेची इतिवृत्तं, सगळी युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली, उघडली की नुसती फुल्या-गोळे-कंस. डिस्क जगली, अक्षरं गेली. तो फॉन्ट कुठे सापडतो का बघायचंय, आज नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

आज "लो लेव्हल"चा दिवस. दूध आटतंय तोवर हे लिहून घेतो.

५०० जीबीची डेस्कटॉपची डिस्क. ५ वर शून्य, १९७ वर २४. हिच्यातलं काही नकोय, जुनं विंडोज आहे फक्त. म्हणजे इथे बिनधास्त लिहिता येईल.

आता लो लेव्हल फॉरमॅट म्हणजे काय, तर आपण आज जे करतो ते लो लेव्हल नव्हेच. खरं लो लेव्हल होतं एमएफएमच्या (डिस्कवर डेटा लिहायची जुनी पद्धत) काळात. सीगेटची एसटी-५०६, १९८०, सव्वापाच इंची, ५ एमबी. होय, एमबी. त्या काळच्या डिस्कमध्ये हेड (फिरत्या प्लेटवरचं वाचणारं-लिहिणारं टोक) स्टेपर मोटरवर पुढे सरकायचं, ठरलेली पावलं टाकत. हेड ट्रॅकवर (डेटाच्या गोल पट्ट्यावर) बरोबर बसलंय का हे सांगणारी खूण प्लेटवर नसायचीच. मशीन तापली, जुनी झाली की हेड थोडं बाजूला पडायचं, आणि कालचा ट्रॅक आज नीट वाचता यायचा नाही. मग डॉसमध्ये डीबग उघडून जी=सी८००:५ टाकायचं, कंट्रोलर कार्डातला प्रोग्राम चालू व्हायचा आणि सगळे ट्रॅक-सेक्टर हेड आज जिथे येतंय तिथे नव्याने आखायचा. म्हणून त्या डिस्क लो लेव्हलने खरोखर बऱ्या व्हायच्या. डिस्कच्या डोक्यावर कंपनीने बाद ट्रॅकची यादी चिकटवलेली असायची, ती बघून हाताने भरायची. आमच्या आधीच्या पिढीतल्या हार्डवेअरवाल्यांनी हे केलंय, आणि "लो लेव्हल मार" हा मंत्र तिथूनच आलाय.

आताच्या डिस्कमध्ये हेडला रस्ता दाखवणाऱ्या खुणा, त्याला सर्वो म्हणतात, त्या प्लेटवर कारखान्यातच लिहिलेल्या असतात. त्या आपल्याला पुसताही येत नाहीत आणि लिहिताही येत नाहीत. कारखान्यात सापडलेल्या खराब जागांची एक यादी असते, पी-लिस्ट. वापरात नंतर खराब होत जातात त्यांची दुसरी, जी-लिस्ट. मग बाजारात लो लेव्हल नावाने मिळणारी सॉफ्टवेअर काय करतात? पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्य लिहितात. बस. फुकटवाल्यात तर वेगालाही लगाम घातलेला असतो. लिनक्समध्ये डीडी कमांडने तेच होतं, तेही फुल स्पीडला.

पण मग कधीकधी डिस्क त्याने बरी होते ती का? तर पेंडिंगमुळे. सेक्टर वाचता आला नाही की डिस्क त्याला लगेच बाद करत नाही, कारण आत डेटा आहे, काय माहीत पुढच्या वेळी वाचता येईल. ती १९७ मध्ये टाकून वाट बघते. त्या जागेवर कुणी नवीन लिहिलं की मग तिचा जीव सुटतो, जुन्याची जबाबदारी संपली. लिहून परत वाचता आलं तर जागा चांगली, नाव यादीतून कट. नाही आलं तर राखीव जागेत हलवते आणि ५ चा आकडा वाढतो. म्हणजे दुरुस्ती डिस्क स्वतः करते, आपण फक्त तिला लिहायला भाग पाडतो.

लिहायच्या आधी सिरियल नंबर तीनदा बघितला. बरं झालं बघितला, कारण कमांडमध्ये डिस्कचं अक्षर मी चुकीचं टाकलेलं, एंटर दाबलं असतं तर परवाची चांगली १ टीबी साफ. तिच्यात अजून काही नव्हतं म्हणा. पण सवय वाईट.

दूध पिऊन, चंद्र बघून, सोसायटीच्या गच्चीवर दोन राउंड अंताक्षरी हरून खाली आलो तोवर काम झालेलं, पावणेदोन तास. १९७: २४ वरून शून्य. ५: शून्यच! म्हणजे चोवीसच्या चोवीस जागा चांगल्या होत्या. २४ म्हणजे ८ गुणिले ३, ही डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरते आणि बाहेर ५१२ चे दाखवते, त्यामुळे खरे फक्त तीनच सेक्टर. माझा अंदाज, लिहिता लिहिता लाईट गेली असणार आणि तीन सेक्टर अर्धवट राहिले. पूर्ण वाचन लावलंय, बघू.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

५०० जीबी पूर्ण वाचली, एकही अडखळ नाही.

३२० जीबीची लॅपटॉपची डिस्क लावली. ५ वर २१२, १९७ वर ९६. हिच्यावर पण शून्य फिरवले. आता ५ वर ६४०, १९७ वर ४०. दुसरी फेरी मारली. ५ वर ९०० च्या पुढे, १९७ परत ७२. मधल्या एका पट्ट्यात वेग १ एमबीवर येतो आणि बारीक किर्र किर्र.

कालची आणि आजची तक्रार अगदी सेम होती, "बॅड सेक्टर दाखवतंय". औषध सेम दिलं. एकीचा आकडा खाली आला, दुसरीचा दर फेरीला वर. प्लेटवर ओरखडा असणार, किंवा हेड खराब होत चाललंय, आणि त्याला शून्य लिहून काय होणार. अशा डिस्कचा तो मधला पट्टा सोडून अलीकडे पलीकडे पार्टिशन करून "बॅड काढले, ओके आहे" म्हणून विकतात लोक. महिनाभर चालतेसुद्धा. मी नाही करणार. बाद ढिगात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ताईची डिस्क. यासाठी मुद्दाम शनिवार ठेवलेला. ५०० जीबीची बाहेरून लावायची छोटी डिस्क, तिच्या मुलीचं बारसं ते बालवाडीपर्यंतचे सगळे फोटो यात आणि फक्त यातच. लावली की विंडोज विचारायचं, फॉरमॅट करायची का? ताईने घाबरून दर वेळी कॅन्सल दाबलं, आणि डिस्क कपाटात ठेवून दिली. घाबरट असण्याचे फायदे.

फोन करून विचारलं, डिस्क पाहिजे का फोटो? "अरे वेडा आहेस का, फोटो!" ठीक. म्हणजे हिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही.

समोरच्या यूएसबीला लावली तर टक्, टक्, टक्. काळजात धस्स झालं. पण मागच्या पोर्टला लावली तर गपचूप फिरायला लागली. पुढच्या पोर्टची वायर लांब आणि बारीक, साध्या यूएसबी २ ला ५०० मिलीअँपिअरची हद्द, आणि डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच जास्त जोर लागतो. भूक लागली की टक्टक् करते. कितीतरी डिस्क याच एका कारणावरून मेल्यात जमा होत असतील.

तरी यूएसबीवर नको म्हणून केस उघडून आतली डिस्क बाहेर काढली. आत साटाच निघाली. काही डिस्कमध्ये यूएसबी थेट बोर्डालाच जोडलेलं असतं, काहींमध्ये मधली चिप डेटा एन्क्रिप्ट करते, तसं असतं तर केस परत बंद करून यूएसबीवरच बसावं लागलं असतं. स्मार्ट: १९७ वर ११००+. आजारी आहे खरी.

डीडीरेस्क्यू (आजारी डिस्कची कॉपी काढणारं सॉफ्टवेअर) लावलं, कॉपी कुठे तर त्या केबलवाल्या १ टीबीवर. वीस तासांची परीक्षा पास झालीये ती. पहिली फेरी खरवडायचं नाही अशा सेटिंगने, म्हणजे जे सहज वाचता येतंय ते आधी उचलायचं आणि अडलं की पुढे पळायचं. कारण डिस्क किती वेळ जगणार माहीत नाही, एका खड्ड्यात डोकं आपटत बसलो तर बाकीचे ४९९ जीबी राहून जातील. टेबलफॅन डिस्कवर सोडलाय.

रात्री ११:४० ला लाईट गेली. अख्खी गल्ली अंधारात. मी अंधारात बसून राहिलो आणि आई म्हणे, "मेणबत्ती लाव की, असा काय बसलायस." ४० मिनिटांनी आली. डीडीरेस्क्यू सगळं कुठवर आलंय ते एका मॅप फाइलमध्ये लिहीत असतं, तीच फाइल देऊन परत चालू केलं तर जिथे होता तिथूनच पुढे, गेलं असेल तर शेवटचं एखाद मिनिट. ही फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवायची हे मी कुणाचं ऐकून केलं नव्हतं, पण नशीब केलं होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी पहिली फेरी संपलेली. राहिलेत ४१ एमबी. मग दुसरी, उलट दिशेने, शेवटाकडून मागे. उलट का, तर खड्ड्याच्या पलीकडच्या काठाने जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं. मग तीन वेळा प्रयत्न करायची फेरी. दुपारी तीनपर्यंत उरले २.३ एमबी, आणि ते काही हलत नाहीत. थांबलो.

आता मूळ डिस्क बाजूला, सगळं काम कॉपीवर. कॉपी फक्त वाचण्यापुरती जोडली, आणि फोल्डर जसेच्या तसे उघडले. ताईचं फोल्डरांना नाव द्यायचं काम म्हणजे "फोटो", "फोटो नवीन", "फोटो नवीन २", "सगळे फोटो हेच बघ".

२.३ एमबी गेले ते नेमके कुठल्या फाइलींमधले? याला एक झकास युक्ती आहे. डीडीरेस्क्यूला सांगता येतं की कॉपीमध्ये ज्या जागा रिकाम्या राहिल्या तिथे मी देतो ते शब्द भर. मी एक असा शब्द भरला जो कुठल्या फोटोत असणं शक्य नाही, आणि मग सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधला. ११ फाइली. ८ फोटो, २ व्हिडिओ, एक कसलंतरी वीजबिल. फोटो उघडले की वरचा भाग नीट आणि खाली करडा पट्टा. बारशाचा एक आहे त्यातला, पाळणा दिसतोय, खाली जिथे बाळ असणार तिथून करडं. त्याच क्षणाचे अजून सहा फोटो आहेत म्हणा, आमच्याकडे एकेक पोझ सातदा काढतात.

दुसरी कॉपी ५०० जीबीवर चालू केली, कोजागिरीवाल्या. एकाच डिस्कवर भरवसा ठेवायचा आणि तोही खोक्यातून काढलेल्या, तेवढा शूर मी नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मामाची रत्नागिरीची २५० जीबी. बायोसला दिसायची कधी, कधी नाही. डिस्कच्या पाठीवरचा सर्किट बोर्ड उघडला, सहा टोकांचा बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो, टी-६. बोर्डाच्या खाली हेडच्या आणि मोटरच्या संपर्काचे ठिपके असतात ते काळे पडलेले, समुद्राची हवा. शाळेतल्या खोडरबरने घासले, चकाचक. बोर्ड परत बसवला, पहिल्या फटक्यात दिसली. पंधरा मिनिटांचं काम, आणि मामा म्हणत होता फेकून दे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

२ टीबीची, स्वतंत्र अडॅप्टरवाली. कुणीतरी (मी) १२ व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर खुपसला होता, दोघांची पिन सेम. तेव्हापासून मुकी. ना फिरते ना आवाज.

बोर्डावर पॉवरच्या पिनांजवळ दोन चपटे डायोड असतात, टीव्हीएस म्हणतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर एक १२ च्या. जास्त व्होल्टेज आलं की हे स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या चिपांना वाचवतात. मल्टीमीटर लावला, १२ वाला सरळ बीप देतोय. म्हणजे शहीद झालाय. कटरने कापून काढला, डिस्क जागी झाली! ती हळूहळू वेग घेतानाची शीळ ऐकली आणि मी चक्क टाळी वाजवली. डायोड नसताना डिस्क चालते, पण आता पुढच्या चुकीला मधे पडणारा कुणी नाही. डेटा काढून घेतला, डायोड विकत मिळाला की लावीन.

हे आधी का नाही केलं? कारण तेव्हा मी हुशारी करून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन (गाडी लावायला अर्धा तास) सेम मॉडेलचा जुना बोर्ड आणून लावला होता, चालला नाही, म्हणून डिस्कच गेली असं ठरवून टाकलं. आता माहितीये, बोर्डावर आठ पायांची एक रॉम चिप असते, तिच्यात त्याच डिस्कच्या हेडचं माप-जोख असतं. बोर्ड बदलला तर ती चिप जुन्यावरून काढून नव्यावर लावावी लागते, नाहीतर नवा बोर्ड म्हणजे परक्याचा चष्मा.

मित्राची १ टीबी पण आजच बघितली. पलंगावरून पडलेली. पॉवर कितीही चांगली द्या, टक् टक् टक्, मग गप्प. हेड गेलंय. इथे कुठलंही सॉफ्टवेअर, कुठलीही लो लेव्हल काही करू शकत नाही, आणि जितका वेळ चालू ठेवीन तितका प्लेटवर ओरखडा. दोनदा लावली तेच जास्त झालं. परत देणार, डेटा हवाच असेल तर लॅबला दे, उघडू नको आणि फ्रीजमध्ये ठेवू नको म्हणून सांगितलं. तो म्हणे फ्रीजमध्ये आधीच ठेवून झालंय. बोला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पेनड्राइव्ह. हे वेगळंच जग, इथे फिरणारं काही नाही. मेमरीची चिप आणि तिच्या डोक्यावर बसलेला कंट्रोलर. मेमरीत खराब ब्लॉक पहिल्या दिवसापासून असतात, कंट्रोलर ते लपवून एक गुळगुळीत चित्र आपल्याला दाखवतो. काय कुठे ठेवलंय त्याचा तक्ता त्याच्याकडे. तक्ता बिघडला की पेनड्राइव्ह "डिस्क घाला" म्हणतो किंवा शून्य बाइट दाखवतो. गंमत म्हणजे इथे खरंखुरं लो लेव्हल आहे! कारखान्यात जे सॉफ्टवेअर वापरतात, मास प्रॉडक्शन टूल, एमपीटूल म्हणतात, ते सगळी मेमरी तपासून नवा तक्ता बनवतं. फक्त ते कंट्रोलरनुसार वेगळं, फायसनचं वेगळं, सिलिकॉन मोशनचं वेगळं, ॲलकॉरचं वेगळं, आणि त्यातही आवृत्त्या. चिपजीनियसने आधी बघायचं की आत कोण आहे, वरच्या ब्रँडवर जायचं नाही. टूल रशियन साइटवर सापडतात, अर्धी चिनीत, अँटीव्हायरस बोंबलतो. म्हणून नेट नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरच.

८ जीबी, "डिस्क घाला"वाला. तीन आवृत्त्यांनी ओळखलाच नाही, चौथीने ओळखला आणि अडकून बसली. मग पिना शॉर्ट करायचा प्रकार. मेमरी चिपच्या २९ आणि ३० नंबरच्या पायांवर सुई टेकवून धरायची आणि तशाच अवस्थेत यूएसबीत घालायचं, म्हणजे कंट्रोलरला मेमरीतलं बिघडलेलं फर्मवेअर (त्याचा स्वतःचा प्रोग्राम) वाचता येत नाही आणि तो आपल्या मूळ अवस्थेत उठतो. लगेच सुई काढायची. याला तीन हात लागतात. बायकोला बोलावलं, मी सुई धरली तिने लॅपटॉप पुढे ढकलला, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा टूलमध्ये चौकोन हिरवा. "झालं? एवढ्यासाठी पोळ्या अर्ध्या टाकून आले?" ८ जीबीचा पेनड्राइव्ह आज जेवढ्याला मिळतो ते बघता तिचं बरोबर आहे. आतला डेटा अर्थातच गेला, तक्ता नवा म्हणजे जुना पत्ता पुसला.

१६ जीबी, राइट प्रोटेक्टेड. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये रीडओन्ली काढायची कमांड दिली, म्हणतो झालं, आणि परत तसाच. याचं कारण बहुतेक वेळा रजिस्ट्री नसते आणि व्हायरसही नसतो. राखीव ब्लॉक संपले की कंट्रोलर स्वतःच लिहायचा दरवाजा बंद करतो, निदान वाचून तरी घ्या म्हणून. शहाणा आहे तो. वाचून घेतलं. मग हट्टाने एमपीटूल चालवलं, १६ चा साडेचौदा झाला, लिहायला लागला.

२ जीबीवाला चांगलाच आहे. ४ जीबीचं तोंड वाकडं झालेलं, चार टाके परत मारले, चालू. ३२ जीबीचा छोटुकला, आत सगळं एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेलं, पाय नाहीत पिना नाहीत, सुई टेकवणार कुठे. बाद.

२७ ऑक्टोबर, रविवार

कालचा साडेचौदा जीबीवाला एफ३ ने (पेनड्राइव्हची खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर) भरून वाचला. काल रात्री पास, आज सकाळी ३०० एमबी खराब. कंट्रोलरचंच ऐकायला पाहिजे होतं. बाद.

शेजारचे काका खबर लागल्यासारखे आले. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, स्टेशनबाहेर स्वस्तात घेतलेला, भजनं भरली की पहिली वाजतात आणि नंतरची "फाइल खराब". "जरा लो लेव्हल मारून दे रे." एफ३प्रोबने दोन मिनिटांत सांगितलं, खरी जागा ७.६ जीबी. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलंय, पुढे जे लिहाल ते हवेत.

"काका, हा आठचा आहे."

"अरे पण वर चौसष्ट लिहिलंय ना."

"ते छापलंय काका."

काकांनी उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मग आतलं कमी करण्यापेक्षा वरचंच खोड की." शेवटी एफ३फिक्सने खऱ्या हद्दीपर्यंतच पार्टिशन बनवून दिलं आणि मार्करने वर ८ लिहिलं. भजनं मावली आठात.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

विल्हेवाट. बाद ढिगात ३२० जीबी, दोन पेनड्राइव्ह. ३२० मध्ये कुणाचे तरी आधार-पॅनचे स्कॅन होते, दोनदा शून्य फिरवलेत तरी जे सेक्टर बाद होऊन बाजूला हलवले गेले त्यांच्यापर्यंत आपलं शून्य पोचतच नाही. म्हणून उघडली. लॅपटॉपच्या डिस्कमधली प्लेट बऱ्याचदा काचेची असते हे ऐकून होतो, जाड कापडात गुंडाळून हातोडा मारला तर खरंच काचेसारखा चुरा. चुंबकं काढून फ्रीजला लावली. ती इतकी जोरदार आहेत की आईने किराण्याची यादी लावली ती आता निघत नाहीये. बाकी सांगाडे ई-कचऱ्याच्या पिशवीत.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ताई आली. ओवाळणीच्या ताटात पाकिटाऐवजी १ टीबीची डिस्क ठेवली, नव्या केसमध्ये. दुसरी कॉपी माझ्याकडे ५०० वर आहे, तिचे आकडे आज सकाळी बघितले, ५ शून्य, १९७ शून्य, अठरावा दिवस. भाची लॅपटॉपपुढे बसून स्वतःचं बारसं बघत होती. करड्या पट्ट्याचा फोटो आला तर म्हणे, "मामा, मी कुठंय यात?" पुढचा दाखवला.

जाताना ताईने तिची जुनी डिस्क उचलली. "आता यातले फोटो निघालेत ना, मग हिला लो लेव्हल मारून दे की, मी सिरियल भरीन." दारात चपला घालताना पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी डिस्क ठेवून गेली, पण "टाकू नकोस हं" म्हणून. तर सध्या ती माळ्यावर आहे, खोक्यात.